तुडवलेला बर्फ

ज्या वर्षी बाउदिलियो पोब्लेतेची धाकटी मुलगी नेलिदा नवऱ्याचं घर सोडून, एक पेटी आणि स्कीची जोडी घेऊन माहेरी परत आली, त्या वर्षीच्या जुलैतली ही गोष्ट. भर हिवाळा होता. सान्तियागोवर रात्रभर पाऊस पडून पहाटे थांबला होता आणि बाउदिलियो नेहमीसारखा पाव आणायला निघाला होता. पुएन्ते आल्तोच्या त्यांच्या गल्लीत, बेकरीच्या थोडं अलीकडे, फूटपाथची एक फरशी सैल झाली होती. तिच्यावर त्याचा डावा पाय पडला आणि फरशी बोटभर खाली बसली. आवाज झाला. मोठा नव्हे. पोकळ, दबका, कानापेक्षा पोटऱ्यांना आधी कळणारा. फरशीखालचं गढूळ पाणी विजारीवर उडालं. मागून येणारी एक बाई म्हणाली, "या फरशीने रोज एकाला आंघोळ घालायची असं ठरवलंय. आज तुमची पाळी." बाउदिलियो हसला नाही. एक हात भिंतीला लावून तो तसाच उभा राहिला. बाई दोन पावलं पुढे जाऊन वळली. "लागलं का हो?" "नाही, नाही. तुम्ही व्हा पुढे." ती गेली. रस्त्यावरून बस गेली. त्याने पाय उचलला नाही, कारण पाय उचलला की काहीतरी सुटेल असं त्याच्या अंगाला वाटत होतं. डोक्याला तसं वाटत नव्हतं. डोक्याला माहीत होतं की फरशीखाली वाळू आहे, वाळूत पाणी आहे आणि पलीकडे बेकरी आहे.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. डोंगरात तो आला की जुनी माणसं म्हणत, बर्फ बसला. वरून सगळं घट्ट दिसत असतं, माणूस आपल्या नादात चालत असतो, आणि एकाएकी पायाखालची अख्खी जागा बोटभर खाली जाते. आत खोल कुठेतरी साखरेसारख्या सुट्या दाण्यांचा एक थर असतो. वरचा भार पेलत पेलत तो कधीतरी मोडतो. तो मोडला की वरच्या बर्फाला धरून ठेवणारं काही उरत नाही. सपाटीवर असलात तर नुसता आवाज होऊन राहतो. उतारावर असलात तर सगळं निघून येतं, तुमच्यासकट. बाउदिलियोने हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला नुकती मिशी फुटत होती. खाणीच्या रस्त्यावरचा बर्फ उपसायच्या कामाला तो आणि थोरला भाऊ एवारिस्तो दोघे लागले होते. आवाज झाल्यावर तो होता तिथेच बसला होता आणि एवारिस्तो म्हणाला होता, "ऊठ. डोंगराने ढेकर दिला, त्यात तुझ्या पोटात का दुखतंय?" पण असं म्हणताना एवारिस्तो स्वतः मागे फिरला होता, आल्या पावलांच्या खुणांवर नेमका पाय ठेवत. त्याचं असंच होतं. तोंडाने चेष्टा चालायची आणि पाय आपले सावध असायचे. तरी पुढे एका जूनमध्ये, सान हुआनच्या सणाच्या आदल्या दिवशी, ला मांता नावाच्या उतरणीने त्याला नेलं. मांता म्हणजे घोंगडी. डोंगराने खांद्यावरून घोंगडी सोडावी तशी ती उतरण दिसते, सरळ, कुठे चुणी नाही, झाड नाही. हिवाळाभर तिला ऊन लागत नाही.

काल, गुरुवारी, बाउदिलियो त्याच उतरणीच्या कडेला खड्डा खणून आला होता. रस्त्याचं काम सुटून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण खड्डा खणायचं काम त्याला कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे कोणी काढूनही घेतलं नव्हतं. दरीतले वाटाडे, खेचरवाले, वरच्या झोपडीत राहणारे, सगळे विचारत, "दॉन बाउदिलियो, ला मांता काय म्हणते?" मग तो शहरातून सकाळची बस धरून जाई आणि बघून येई. कंबरेइतका, कधी छातीइतका खड्डा. त्याची चढाकडची भिंत फावड्याने तासून सरळ करायची. वरपासून खालपर्यंत एकेक थर दाबून बघायचा, कुठे मूठ आत जाते, कुठे एकच बोट, कुठे नुसतं पेन्सिलीचं टोक. मग त्या भिंतीतून एक खांब मोकळा कापायचा, त्याच्या डोक्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि फावड्यावर चापट्या मारायच्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग पार खांद्यातून. मनगटाच्या चापटीला खांब मधूनच सरकला तर गुपचूप घरी जायचं. खांद्याच्या चापटीलाही जागचा हलला नाही तर त्या दिवशी डोंगर जाऊ देतो. काल खांब हलला नव्हता. बाउदिलियोचा खांदा भरून आला, पण खांब हलला नव्हता. खाली दरीतल्या दुकानाशी येऊन हात शेकता शेकता त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "घट्ट आहे. अजून वीतभर पडला तरी हलायचा नाही." त्या शब्दावर नेलिदाने शनिवारचं पक्कं केलं होतं. उद्या ती वाटाडी म्हणून चार गिऱ्हाइकांना घेऊन ला मांता आडवी ओलांडून वरच्या खिंडीत जाणार होती.

बेकरीत गर्दी होती. पावसाळी दिवशी लोकांना पाव जास्त लागतो. रांगेत उभं असताना त्याच्या ओल्या विजारीचा गारवा वर चढत गुडघ्यापर्यंत आला. तो स्वतःला समजावत होता की एक फरशी बसली, एवढंच झालं. पाव हातात आल्यावर कागदावरूनच त्याने अंगठ्याने पावाची पाठ दाबली. कडक पापुद्रा थोडा धरला आणि मग आत गेला. हे तो नेहमी करायचा, कशालाही दाबून बघायचा. साबण, माती, उशी, नातीचं पोट. त्याची बायको एर्सिलिया म्हणायची, उद्या मला शवपेटीत ठेवतील तेव्हाही हा बोट लावून बघेल. बाहेर आल्यावर त्याने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. एरवी तिथे डोंगर असतात. आज नुसता ढग होता आणि ढगाच्या खालच्या काठाशी टेकड्या पांढऱ्या झाल्या होत्या, नेहमीपेक्षा बऱ्याच खालपर्यंत. वीतभर पडला असेल, तो मनात म्हणाला. वीतभरच. त्याने मनातल्या मनात अंगठा आणि करंगळी ताणून पाहिली. परत येताना तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आला, त्या फरशीवरून नाही.

आमच्याकडे पाऊस पडला की घरोघर भोपळ्याचे सोपायपिया तळतात, म्हणून त्या दिवशी सगळी गल्ली तेलाच्या आणि लाल भोपळ्याच्या वासाने भरली होती. एर्सिलिया चुलीपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, "म्हाताऱ्या, पाव आणायला डोंगरापलीकडे मेन्दोसाला गेला होतास का? हद्दीवर पासपोर्ट बघितला असेल नाही?" त्याला ती लग्नाच्या आठवड्यापासून म्हातारा म्हणत आली होती. त्याने पाव ठेवला, विजार बदलली आणि मागच्या अंगणात गेला. तिथे पत्र्याखाली नेलिदा दोन खुर्च्यांवर स्की उलटी टाकून तळाला मेण लावत होती. एका हातात जुनी इस्त्री, दुसऱ्या हातात मेणाची वडी. वडी इस्त्रीला टेकवली की थेंब थेंब मेण स्कीच्या तळावर पडे आणि मग ती इस्त्री फिरवी. केस वर बांधले होते. गेल्या दोन-तीन महिन्यांत त्याने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आता ती गुणगुणत होती.

"वर पडलाय, बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं ना. वीतभर चालेल असं तुम्हीच म्हणालात. वीत तुमची धरायची की माझी, तेवढं सांगा." तिने हात पसरून दाखवला. "माझी धरली तर आणखी पडायला हवा."

"ढग उठलाय का तिकडे?"

"दुपारपर्यंत उठेल. पपा, तो दातांचा डॉक्टर सकाळपासून दोनदा फोन करून विचारतोय, या वेळी तरी जायचं ना. मी म्हटलं, या वेळी माझ्या वडिलांनी हो म्हटलंय. तो म्हणतो, तुमचे वडील हो सुद्धा म्हणतात?" ती हसली. "आता मागच्या दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात आणि दोन्ही वेळा काही झालं नाही. मला कळतं, काही झालं नाही म्हणजे नाही म्हणणं चुकलं असं नव्हे. पण गिऱ्हाइकाला एवढं कळत नाही. आणखी एकदा झालं की तो दुसरा वाटाड्या बघेल."

 मेणाचा वास येत होता. गरम मेणाचा, थोडा गोडसर. त्या वासात काहीतरी होतं आणि ते काय ते त्याला धरता येईना. इस्त्रीवरून एक थेंब निसटून खाली ओल्या फरशीवर पडला, पडताक्षणी गोठला आणि चपटा झाला, मसुरीच्या डाळीएवढा. बाउदिलियो त्या थेंबाकडे बघत राहिला. थेंब पिवळा होता. त्याने पाहिलेला लाल होता. कुठे पाहिला होता? आणि मग त्याला तो कुठे पाहिला होता ते दिसलं, खड्ड्याच्या भिंतीत, मांडीच्या उंचीवर. तिथे हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा एक कडक थर लागला होता. त्यात पेन्सिलीचं टोकही जात नव्हतं आणि म्हणून काल त्याला बरं वाटलं होतं. भिंत तासताना त्या थरात एक लाल ठिपका वर आला होता. त्याने नखाने तो उडवून दिला होता. तेव्हा तो काय आहे असा विचार त्याने केला होता का? केला नव्हता. ठिपका भिंतीच्या सफाईच्या आड येत होता, एवढंच त्याला तेव्हा दिसलं होतं.

एवारिस्तोची अनिमिता ला मांताच्या कडेला आहे. माणूस अपघाताने जिथे जातो तिथे त्याच्या जिवासाठी जे छोटं घर बांधतात, ते. उंच खडकावर बसवलेलं, पत्र्याचं छप्पर, गुडघाभर उंची, आत मेणबत्त्या, त्याची टोपी, एक फोटो. कोणीही तिच्यावरून तसंच पुढे जात नाही. थांबतं, बर्फ झाडतं, मेणबत्ती लावतं, घोटभर वाइन ओततं. बाउदिलियो तिथे थांबायचा आणि थांबलाच आहोत तर तिथेच खड्डा खणायचा, हातभर अंतरावर. गेली कित्येक वर्षं. भावाच्या शेजारी बसून खणताना त्याला बरं वाटायचं. उतरणीवर जो बर्फ पडतो तोच तिथेही पडतो, उतरणीला ऊन नाही तसं तिथेही नाही. मग कुठे खणलं त्याने काय बिघडतं? आणि खरंच काही बिघडत नव्हतं, कारण भावाच्या पुण्यतिथीला तिथे चार-सहा माणसं यायची आणि घटकाभर थांबून जायची. या जूनमध्ये पंचवीस वर्षं भरली होती. पाद्रीसुद्धा आले होते, खेचरावर बसून, पाय वर धरून. सगळी दरी लोटली होती. त्याआधी कितीतरी दिवस आभाळ निरभ्र होतं, रात्री कडक गारठा, आणि बर्फाची दाणेदार साखर झाली होती. बाउदिलियोने स्वतः मूठभर उचलून या तळहातावरून त्या तळहातावर ओतून दाखवली होती. "बघ, कोंपाद्रे," तो सेगुंदोला म्हणाला होता, "साखर झालीय." सेगुंदो गाराते म्हणाला होता, "मग चहा टाक की." सेगुंदो ला मांताच्या पलीकडची झोपडी सांभाळायचा. एवारिस्तोचा तो जिवलग, आणि नेलिदाचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातावर धरलं होतं आणि तेव्हापासून तो आणि बाउदिलियो एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आले होते. मिस्सा झाली, वाइन फिरली, मग कोणीतरी गिटार काढली. एवारिस्तोला नाच आवडायचा म्हणून सगळे नाचले. बुटांनी, रुमाल फिरवत, अनिमिताभोवती, बर्फाचं खळं होईपर्यंत. लाल मेणबत्त्या पायांखाली आल्या. बाउदिलियोही नाचला. त्याच रात्री वादळ आलं आणि त्या खळ्यावर बर्फ पडायला लागला. उतरणीवर तो साखरेवर पडला.

"पपा, तुम्ही थंडीत का उभे आहात?" नेलिदा म्हणाली.

"नाही, असाच," तो म्हणाला आणि आत गेला.

जेवायला तिघे बसली. एर्सिलियाने सोपायपियांची परात मध्ये ठेवली, मिरची-कोथिंबिरीची चटणी ठेवली. नेलिदा भरभर जेवत होती आणि उद्याचं बोलत होती. पहाटे निघायचं, दातांच्या डॉक्टरच्या बायकोला मध्ये ठेवायचं, कारण ती घाबरली की बडबड करते आणि बडबड मागे असली तर ऐकू येत नाही. एर्सिलिया म्हणाली, "घाबरणारीने डोंगरात कशाला जावं? घरी भिंती काय कमी आहेत बघायला?" बाउदिलियो घास चावत होता. त्याच्या मनात दोन माणसं बोलत होती आणि दोघांचा आवाज त्याचाच होता. एक म्हणत होता, तो कडक थर उन्हाने झालेला असेल, सगळ्या उतरणीवर असेल. दुसरा म्हणत होता, तिथे ऊन कुठे येतं? पहिला म्हणे, वाऱ्याने झाला असेल. वाऱ्याने लाल मेण होत नाही. पहिला गप्प बसे आणि जरा वेळाने वेगळ्या दाराने परत येई. बाउदिलियोला त्या पहिल्याची लाज वाटत नव्हती, कारण तो डोंगरावरच्या प्रत्येक माणसात असतो. त्याला लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. खड्डा चुकीचा वाचला असं म्हणायची त्याची तयारी होती. तसं त्याने आयुष्यात म्हटलेलं होतं. पण आपण भावाच्या नाचाची जमीन खणली आणि ती घट्ट आहे म्हणून दरीभर सांगत सुटलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? एर्सिलियासमोर? या पोरीसमोर, जी त्याच्या एका शब्दाखातर माणसांना तोडून बोलायची?

ती नवऱ्याच्या घरून आली तेव्हा त्याने विचारलं होतं, काय झालं. ती म्हणाली होती, "काही झालं नाही, पपा. हळूहळू खालून पोकळ झालं." तेवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही. त्याला ते वाक्य तेव्हा डोंगरातल्या माणसाचं वाटलं होतं आणि त्याचं त्याला बरं वाटलं होतं. आता ते आठवून त्याला स्वतःचा राग आला नाही, फक्त आश्चर्य वाटलं की माणूस इतक्या सहज खूश होतो. जेवण झाल्यावर एर्सिलियाने मते, म्हणजे कडवट पाल्याचा चहा, केला. भोपळ्याच्या तुंब्यातून, नळीने, आळीपाळीने प्यायचा. त्याच्याकडे तुंबा आला तेव्हा त्याने जास्त ओढला आणि जीभ भाजली. रेडिओवर फुटबॉलचं बोलणं चालू होतं. नेलिदा पुन्हा अंगणात गेली. ऊन पडलं. ओल्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन आला आणि तो सरकताना बाउदिलियो बघत बसला. आता सांगू, चौकोन त्या खिळ्यापाशी आला की सांगू. चौकोन खिळ्यापाशी आला, खिळ्यावरून गेला. त्याला वाटत होतं की अजून वेळ आहे. उद्या पहाटेपर्यंत कितीतरी वेळ आहे. ती इथेच आहे, अंगणात, दहा पावलांवर. तिला कधीही हाक मारता येईल. वस्तू हातात आहे म्हणजे ती जपली, असं माणूस समजतो, तसं त्याला वाटत होतं. मध्येच त्याला डुलकी लागली असावी, कारण त्याला एवारिस्तो दिसला, टोपी हातात धरून दाराशी उभा, आणि म्हणाला, "तू माझ्या घराची परीक्षा घेतलीस, तिच्या वाटेची नाही." जागा होऊन त्याने ठरवलं की हे एवारिस्तो बोलला नाही. एवारिस्तो इतकं सरळ कधी बोलला नव्हता.

शेवटी तो उठून अंगणात गेला. नेलिदा स्कीचा तळ खरवडत होती, मेणाचे बारीक पापुद्रे खाली पडत होते.

"नेलिदा, उद्या ला मांतावर जायचं नाही."

तिने खरवडणं थांबवलं नाही. "तिसऱ्यांदा," ती म्हणाली.

"तिसऱ्यांदा."

"काल घट्ट होता."

"काल मी काकाच्या अंगणात खणलं, पोरी. आपण नाचलो तिथे. ती जागा आपणच तुडवून घट्ट केलीय. उतरणीवर कोणी नाचलं नाही."

आता तिने खरवडणी खाली ठेवली. तिचा चेहरा बदलला, पण रागाकडे गेला नाही. रस्त्याच्या कामावर नव्या माणसाला तो जसे प्रश्न विचारायचा, तसे ती विचारू लागली.

"कडक थर किती होता?"

"पंजाएवढा."

"आणि त्याच्या वर? आणि खाली?"

"वर वादळाचा. खाली थोडी साखर शिल्लक होती, पण चेपलेली, एकमेकीला धरून बसलेली. तिथे मोडायला काही उरलंच नव्हतं, म्हणून खांब हलला नाही."

"आणि हे तुम्हाला नक्की कशावरून?"

"थरात मेण होतं. लाल."

तिने हाताला चिकटलेला मेणाचा पापुद्रा खुडला. मग म्हणाली, "मीही नाचले होते तिथे. पाद्रिनोबरोबर. तो माझ्या पायावर पाय देत होता आणि मलाच म्हणत होता, नीट नाच." तिने इस्त्रीची पिन काढली. "ठीक आहे. दातांच्या डॉक्टरला मी सांगते. उद्या त्यांना खालच्या कुरणात फिरवते. कुरकुर करील. करू दे. एरवी तो लोकांची ऐकतो, एक दिवस लोकांनी त्याची ऐकावी."

एर्सिलिया दारात येऊन उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. म्हणाली, "पोटात होतं तर जेवणाआधी काढायचं होतंस. तरीच म्हटलं, तीनच खाल्लेस."

"तुम्हाला हे कळलं कधी, पपा?" नेलिदाने विचारलं.

"सकाळी. तू मेण लावत होतीस तेव्हा."

तिने आभाळाकडे पाहिलं. ढग उठला होता. गल्लीच्या टोकाशी डोंगर पुरा दिसत होता, पांढरा, स्वच्छ, उतरत्या उन्हात. "आता दिवस कलला," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "काल आणखी कोणाला सांगितलंत?"

या प्रश्नाकडे त्याचं मन सबंध दिवसात गेलं नव्हतं. ते नेलिदाभोवतीच फिरत होतं, शनिवारभोवती, आपल्या लाजेभोवती. आता त्याला कालचं दुकान दिसलं. शेगडी, शेगडीवर धरलेले त्याचे हात, दुकानवाली दोन्या ओर्तेन्सिया काउंटरमागे, आणि दाराशी पिठाचं पोतं आणि गॅसचं लहान नळकांडं दोरीने पाठीला बांधायच्या तयारीत बसलेला सेगुंदो. आठवडाभर तो खाली अडकून पडला होता. वर झोपडीत पीठ नव्हतं, गॅस नव्हता. "कोंपाद्रे," तो म्हणाला होता, "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तोंडात घोळवत बसू नकोस. ओर्तेन्सियाच्या हातचं सूप खाऊन माझी पाठ वाकली." आणि बाउदिलियो म्हणाला होता, "घट्ट आहे." सेगुंदो उठून त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला होता, "तू म्हणालास म्हणजे झालं. उद्या पाऊस थांबला की निघतो."

"पाद्रिनोला," नेलिदा म्हणाली. तो खाली अडकलाय हे तिला ठाऊक होतं. ती आत गेली, दुकानाचा नंबर फिरवला, आणि तिकडे घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

बराच वेळ घंटा वाजली. मग दोन्या ओर्तेन्सिया आली, धापा टाकत. "कोण? दॉन बाउदिलियो? बोला. तुमच्याकडे पण ऊन पडलं का?"

"सेगुंदो आहे का तिथे?"

"सेगुंदो? तो दुपारी जेवणाच्या वेळेलाच गेला. मी म्हटलं, सूप तयार आहे, खाऊन जा. तर म्हणतो, सूप बघितलं तरी मला आता आई आठवते. कोंपाद्रेने वाट उघडून दिलीय, अंधाराआधी पोचतो. पीठ, गॅस सगळं घेऊन गेलाय. का हो, काही घाई आहे का?"

"घाई आहे."

"मग मालकांना पाठवू का मागे? पण ते काही गाठायचे नाहीत. सेगुंदो कसा चालतो तुम्हाला ठाऊकच आहे."

त्याला ठाऊक होतं. ओझं असलं तरी त्याची चाल बदलत नसे, फक्त पावलं आखूड होत. बाउदिलियो रिसीव्हर कानाशी धरून त्याच्याबरोबर चालू लागला. दुकानापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यावरचा लाकडी साकव, मग धारेने चढ. दुपारी निघाला म्हणजे आता तो अनिमितापाशी पोचला असेल, किंवा पोचून निघाला असेल. तिथे तो थांबला असणार. पोतं खाली ठेवून बर्फ झाडला असणार, मेणबत्ती लावली असणार, एवारिस्तोला दोन शिव्या घातल्या असणार, इतकी वर्षं नुसता बसून खातोस म्हणून. तिथे पायाखाली घट्ट लागलं असणार. मग पोतं पुन्हा पाठीला. बाउदिलियो त्याला तिथेच धरून ठेवायचा प्रयत्न करत होता, आणखी एक मेणबत्ती, आणखी एक घोट, पण सेगुंदो मनातही थांबायला तयार नव्हता. तो दोरी घट्ट करत होता आणि उतरणीकडे तोंड करत होता.

"दॉन बाउदिलियो? आहात ना?"

"आहे. मालकांना पाठवा. दोघांतिघांना पाठवा, फावडी घेऊन, बर्फात खुपसायला सळया घेऊन. पण कोणालाही अनिमिताच्या पुढे पाऊल टाकू देऊ नका. तिथून नुसत्या हाका मारायच्या. काल मी सांगितलं ते चुकीचं होतं. घट्ट नाहीय."

 मग दोन्या ओर्तेन्सियाचा आवाज रिसीव्हरपासून दूर जाऊन कोणाला तरी हाका मारू लागला. नेलिदा बूट बांधत होती. एर्सिलियाने काही न विचारता उरलेले सोपायपिया फडक्यात बांधले आणि मुलीच्या पिशवीत घातले. बाउदिलियोनेही आपले बूट शोधले. शेवटची बस मिळाली तर रात्री पोचता आलं असतं, आणि रात्री पोचून उपयोग नव्हता, पण बसून राहायचं त्याने त्या दिवशी पुरेसं केलं होतं.

सेगुंदो गाराते, वरच्या झोपडीचा राखणदार, नेलिदाचा धर्मपिता, त्याच शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी ला मांतावर वारला. तो शनिवारी दुपारी सापडला.